अकरा नग

कोरेगावच्या बंद सूतगिरणीत
ताडपत्रीवर अकरा बंदुका मांडल्यात.
ठाण्यातून आलेला भोइटे म्हणतो, फाळके नाना,
तुम्ही पलटणीत आर्मरर होता,
एकेक बघा आणि खरी का खोटी ते सांगा,
म्हणजे सही करून मी जेवायला मोकळा.

सिनेमा भुताचा नाही, रेहाना मुलाणी समजावते.
भूत दिसतं न् नाहीसं होतं. झोंबी चालत येतो.
मेलेला असतो, भूक तेवढी जिवंत.
आणि विनोदी आहे हो नाना, लोक हसतील.
मी म्हटलं, बरं.

पहिल्या चार एकाच साच्याच्या.
उचलल्याबरोबर वजनच बोललं: फायबर.
अंग एसएलआरचं, मॅगझीन मात्र भलत्याच रायफलीचं,
केळ्यासारखं वाकडं.
बैलाला रेड्याची शिंगं.
चालेल का? रेहानानं विचारलं.
मेलेल्यांना काय कळतंय, भोइटे म्हणाला.
मला कळतंय, म्हटलं,
तर पोरीनं ते वहीत लिहून घेतलं.

दुनळी निघाली गॅसपाइपची.
एक जत्रेतली, फुगे फोडायची,
माशी मुद्दाम डावीकडं वाकवलेली;
औंधच्या अख्ख्या यात्रेत हिनं
कुणाला कंगवासुद्धा मिळू दिला नसणार.
दोन पिस्तुलं प्लास्टिकची, बूटपॉलिश फासून काळी केलेली.
ती वासावरून ओळखली,
परेडच्या आदल्या रात्री बराकीत असाच वास असायचा.

एक सांगलीहून आलेली, नाटकाच्या सामानातली, सगळी लाकडाची.
दस्त्याखाली कोरलंय: मल्लाप्पा, अंक तिसरा.
मल्लाप्पानं खरी बंदूक हातात धरली नसावी,
घोड्यात बोट जायला जागाच ठेवली नाही.
पण खांद्याला लावली
आणि हा सुतार आपल्या वर्कशॉपात का नव्हता, असं झालं.

बाहेर पत्र्याच्या सावलीत मेलेले बसलेत,
तोंडाला मैदा, हनुवटीवर बिटाचा रस, हातात वडापाव.
सकाळी सहाला हीच पोरं भरतीसाठी
सातारा रोडनं छाती काढून पळतात.
आता खांदे पाडून पाय ओढायची तालीम.
माइकवरून एकट्या प्रज्योतलाच सारखी हाक,
अरे ताठ चालू नको, मेलायस तू!

अकरावी छत्री निघाली.
कुणाची तरी चुकून राहिलेली.

दहावी मी शेवटी घेतली.
थ्री नॉट थ्री. पांढरा पट्टा, त्यावर पुसट डी पी.
कवायतीपुरती. पिन कापलेली,
चेंबरला आरपार भोक.
असली भोकं मी पाडलीत,
खडकीला, एका हिवाळ्यात, दिवसाला चाळीस.
ड्रिल घसरलं की भोक तिरकं जायचं
आणि उस्ताद मागून म्हणायचा,
मारायचीच आहे तर नीट मार.

हे भोक तिरकं आहे.
करंगळी घालून पाहिली. कड अजून लागते.
माझं असेल. नसेलही.
नंबर कुणीतरी कानशीनं घासलाय.

नाना, खरी का खोटी? रकाने दोनच आहेत.
पोलाद खरं. लाकूड अक्रोडाचं, खरं.
होती, असा रकाना भोइट्याच्या कागदावर नाही.
रेहाना म्हणाली, मग ही पण झोंबीच की.
तेव्हा मी हसलो नाही.
एसटीत हसलो, रहिमतपूर फाट्याला, एकटाच,
शेजारची बाई सरकून बसली.

शेवटी भोइट्यानं खोटी लिहिलं.
मी अंगठ्याजवळ सही केली, जुनी, नंबरासकट.

तेवढ्यात प्रज्योत आला, मैद्याच्या तोंडानं,
आणि कुणी न सांगता नेमकी तीच उचलली.
दस्ता बगलेत, नळी खाली, नीट.
बोट मात्र घोड्यावर.
बोट बाहेर, मी म्हणालो.
नाना, हिला भोक आहे की.
असू दे.
बोट बाहेर.